खुर्चीकाकूंनी खुर्ची रिकामी ठेवली ती गोष्ट

त्यांचं खरं नाव विचारलं तर त्यांच्या नवऱ्यालाही क्षणभर डोकं खाजवावं लागेल. सगळा जिना त्यांना खुर्चीकाकू म्हणतो. काकू त्यावर नाक मुरडतात, पण ते शोभेपुरतं. एकदा दुधवाल्याने चुकून खऱ्या नावाने हाक मारली, तर काकूंनी दारच उघडलं नाही. त्यांना वाटलं वरच्या मजल्यावरच्या कुणाला तरी बोलावतोय.

नाव पडलं ते कामावरून. कोर्टात जजसाहेब आजारी पडतात, सासऱ्यांच्या ऑपरेशनला जातात, बदली होऊन दुसरीकडे जातात आणि त्यांच्या जागी वर्ष वर्ष कोणी येत नाही. असं झालं की त्या कोर्टाची खुर्ची रिकामी पडते. खाली लोक ताटकळत बसलेले, वकील घड्याळाकडे बघतायत, आणि वर खुर्चीत नुसती उशी. ती खुर्ची सकाळचा पुकारा व्हायच्या आत भरायची, म्हणजे कुठून तरी बदली जज आणून बसवायचा, हे काकूंचं काम. त्यांच्या खोलीच्या दारावर ‘पर्यायी व्यवस्था’ अशी पाटी आहे. ती वाचून नवखी माणसं आत येऊन स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारतात.

काम दिसायला सोपं, करायला महाकठीण. एखाद्या जजला ‘उद्या या’ म्हटलं की तो येतो असं थोडंच असतं. शेजारच्या गावच्या कोर्टातले साहेब डोक्यावर पंखा नको म्हणतात. एक निवृत्त साहेब आहेत, त्यांना आधी त्यांच्या गुडघ्याबद्दल विचारावं लागतं, आणि तेही मन लावून. डाव्याच्या ऐवजी उजव्याची चौकशी केली तर त्या दिवसापुरती खुर्ची गेलीच म्हणून समजा. आणखी एक आहेत ते पहिल्यांदा नाही म्हणतात, दुसऱ्यांदाही नाही म्हणतात, आणि तिसऱ्यांदा विचारलं नाही तर रुसतात. काकू फोनवर बोलायला लागल्या की शब्दाशब्दाला मध लावतात, आणि फोन ठेवला की त्याच साहेबांची अशी नक्कल करतात, की शिपायाला भिंतीचा आधार घ्यावा लागतो.

त्यात घरचीही फितुरी होती. काकूंचे यजमान चष्म्याचं दुकान चालवतात. निवृत्त जज म्हटला की आज ना उद्या त्याचा नंबर वाढणारच, आणि तो दुकानात येणारच. काका त्याला तक्त्यासमोर बसवून एका डोळ्यावर पुठ्ठा धरायला लावत आणि सहज विचारल्यासारखं करत, की साहेब, हल्ली मोकळेच असता ना. तोवर काचा शोधायच्या निमित्ताने आत जाऊन काकांनी घरी फोन लावलेला असे. साहेब तक्त्याची शेवटची ओळ वाचेपर्यंत काकू दुकानाच्या पायरीवर हजर. काका म्हणतात, आमचा धंदा एकच आहे, मी त्यांना बघायला लावतो आणि ही बसायला लावते.

या सगळ्याचा काकूंना भारी अभिमान. आणि का नसावा? इमारतीचे मुख्य न्यायाधीश, ज्यांना सगळे मोठे साहेब म्हणतात, ते वरच्या बैठकीत छाती पुढे काढून सांगत, की माझ्या इमारतीत एकही खुर्ची रिकामी राहत नाही. एका समारंभात त्यांनी काकूंना व्यासपीठावर बोलावून हे सगळ्यांदेखत सांगितलं. त्या दिवशी काकू जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबल्या. दम लागला म्हणून थांबले, असं त्यांचं म्हणणं.

फक्त एक गोष्ट होती, आणि ती कुणाच्या लक्षात आली नव्हती, काकूंच्या तर नाहीच. खुर्ची भरली की त्यांचं काम संपे. जज लिफ्टमधून वर गेला, दार लागलं, काकूंनी चहा मागवला. त्या दारापलीकडे काय होतं ते त्यांनी कधी डोकावून पाहिलंच नव्हतं. स्वयंपाक्याने ताटं बाहेर पाठवावीत आणि कोण जेवलं, कोण उपाशी उठलं ते विचारूच नये, तसं.

तीन नंबरचं कोर्ट तेव्हा बरेच महिने बेवारस होतं. तिथले जज बदलून गेले आणि त्यांच्या जागी नेमणूक झालीच नाही. काकू दर तारखेला कुणाला ना कुणाला आणून बसवत. त्या दिवशी गुडघेवाले साहेब आले होते. काकूंच्या टेबलाशी बसून त्यांनी चहा घेतला, डाव्या गुडघ्याचा ताजा अहवाल दिला, आणि वर गेले ते चष्मा टेबलावर विसरून. शिपाई कुठे तरी गायब. तेव्हा काकूच चष्मा घेऊन निघाल्या. काकांच्याच दुकानची फ्रेम, उगाच कुणाच्या हाती द्यायला नको.

तीन नंबरचं दार हळूच ढकलून त्या आत शिरल्या आणि तिथेच थबकल्या. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात रफूवाली उभी होती.

रफूवालीला काकू चांगल्या ओळखत. कोर्टासमोरच्या गल्लीत एका जिन्याखाली तिची टपरी आहे. एक दिवा, एक भिंग, रंगीत दोऱ्यांची रिळं, आणि ती. कोर्टात एक जादा काळा गाऊन खुंटीला टांगलेला असतो, गाऊन विसरून येणाऱ्या बदली जजांसाठी. उंच जजाचे हात त्यातून मनगटापर्यंत बाहेर येतात आणि बुटक्याच्या तो पायात येतो, त्यामुळे तो सारखा फाटतो. फाटला की काकू रफूवालीकडे नेऊन टाकत. बाई अबोल. हात मात्र असा, की फाटलं कुठे होतं ते शोधून सापडू नये. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा आणि कामावर असताना गेला, एवढं काकूंना गल्लीतल्या बोलण्यावरून माहीत होतं. त्यावरून खटला चालू आहे आणि तो याच इमारतीत, तीन नंबरला, हे मात्र त्यांच्या गावीही नव्हतं.

काकूंनी चष्मा देऊन निघायला हवं होतं. पण चष्मा हातातच राहिला.

रफूवाली सांगत होती. मोठ्या दुकानांच्या इमारतीत लिफ्ट बंद पडली होती. तिचा नवरा लिफ्टच्या पोकळीत उतरून काम करत होता. ती त्याचा जेवणाचा डबा घेऊन आली आणि दारापाशी थांबली. दुकानं उघडायची वेळ झाली होती. देखरेख करणारा मुकादम तिथे आला आणि पहारेकऱ्याला म्हणाला, लिफ्ट चालू कर. आतून नवऱ्याचा आवाज आला, थांबा, मी आत आहे. तो तिने ऐकला. मुकादमानेही ऐकला. आणि तो म्हणाला, होईल बाजूला, चालू कर.

तिने सांगितलं ते अशा सुरात, जसं एखादं बटण लावताना टाके मोजावेत.

मग मुकादमाचा वकील उठला. कोर्टात त्याला सगळे गुळगुळीत वकील म्हणतात; बोलणंही तसंच आणि डोकंही तसंच. त्याने हातातले कागद उलटेसुलटे केले आणि हसून विचारलं, की बाई, पहिल्या साहेबांपुढे तुम्ही सांगितलंत डबा तुमच्या हातात होता. नंतरच्या साहेबांपुढे तो जमिनीवर होता. त्याच्या नंतर कडेवर होता. चौथ्या साहेबांपुढे दाराशी होता. आज तो पायरीवर आहे. हा डबा फारच फिरतो. मुळात डबा होता तरी का?

“होता,” रफूवाली म्हणाली. “त्यात त्याचं जेवण होतं.”

मागे कुणी तरी हसलं. गुडघेवाल्या साहेबांनी डोळे बारीक करून समोरच्या कागदाकडे बघितलं, चष्मा नाही हे त्यांच्या ध्यानात आलं, काकूंच्या हातातला दिसला, तो खुणेने मागवून त्यांनी डोळ्यांवर चढवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. उरलेली साक्ष पुढच्या तारखेला, असं सांगून ते उठले.

पुढच्या तारखेला ते नव्हतेच येणार. पुढच्या तारखेला कोण येणार ते काकूंनाच ठरवायचं होतं. आणि जो येईल तो म्हणणार, मी आधीचं ऐकलेलं नाही, नव्याने होऊ द्या. त्याने तसं म्हटलं नाही, तर गुळगुळीत वकील म्हणणार. तसा नियमच होता. काकूंना तो पाठ होता. आजवर तो त्यांना नुसता नियम वाटत होता.

रफूवाली बाहेर येऊन जिन्यातल्या बाकावर बसली होती. काकू शेजारी जाऊन टेकल्या. मग म्हणाल्या, किती वेळा झालं हे?

“हे पाचवं,” ती म्हणाली. “दर वेळी वेगळे साहेब असतात, ताई. दर वेळी मी पहिल्यापासून सांगते. एकच वाक्य आहे माझ्याकडे, ते ‘होईल बाजूला’वालं. ते तसंच्या तसं आहे. बाकीचं सांगून सांगून हलायला लागलंय. आता डबा कुठे होता ते माझं मलाच कळत नाही.” तिने पदराचा एक सुटलेला धागा तोडला. “कुणी तरी म्हणे शोधून शोधून आणतं या साहेबांना. त्या माणसाला मला एकदा भेटायचंय. विचारायचंय, मी तुझं काय वाकडं केलंय.”

खुर्चीकाकूंच्या तोंडाचा पट्टा अख्ख्या जिन्याला माहीत आहे. खोटं बोलणं जमलं असतं. ती अबोल बाई कुणाला विचारायला जाणार होती? पण काकू म्हणाल्या, मीच ती.

रफूवालीने त्यांच्याकडे वळून पाहिलं. रागाने नव्हे. एखादं फाटलेलं कापड उलटं करून बघतात, तसं.

“आणि मी तुमचा तो गाऊन असा शिवून देत होते, की टाका दिसू नये,” ती म्हणाली, आणि उठून गेली.

संध्याकाळी काका दुकान बंद करून घरी आले तर बायको गप्प. त्यांनी आधी घड्याळ बघितलं, मग दिनदर्शिका बघितली, मग विचारलं, आज कुठली खुर्ची मोडली की काय. काकूंनी सगळं सांगितलं. आपण खुर्च्या भरत होतो आणि ती बाई दर वेळी रिकामी होत होती, असं काहीसं त्या म्हणाल्या. काकांनी रुमालाने चष्म्याची काच पुसत ऐकून घेतलं.

“अगं, एकाचे डोळे तपासता तपासता मी मधेच उठून गेलो,” ते म्हणाले, “दुसरा येऊन बसला, त्याने पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लावलं, मग तिसरा, मग चौथा, तर गिऱ्हाईक तो तक्ता काढून माझ्या डोक्यात घालेल. ती बाई नुसती उठून गेली. भली आहे.”

काकांना वाटलं बायको हसेल. ती हसली नाही. मग त्यांनीही निमूटपणे भांडी आवरायला घेतली, जे ते एरवी कधी करत नाहीत.

दुसऱ्या दिवशी काकू मोठ्या साहेबांच्या खोलीत गेल्या. मागणी साधी होती. तीन नंबरच्या त्या खटल्याला एकच जज द्या, जो साक्ष सुरू करेल आणि संपवूनच उठेल. नावही त्यांनी तयार ठेवलं होतं: करवतीबाई. या निवृत्त न्यायाधीश बाई. पानभर बोललेलं ओळीभरात कापून ठेवतात, म्हणून वकिलांनी त्यांना ते नाव दिलेलं. कुणाचं पूर्ण ऐकल्याशिवाय उठायचं नाही असा त्यांचा खाक्या. त्यांच्या कोर्टात वकील चहा पिऊनच जात, कारण मधे सुटका नसे.

ते नाव ऐकून मोठ्या साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. नोकरीत असताना करवतीबाईंनी मोठ्या साहेबांचं एक परिपत्रक लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवलं होतं. त्या बाईला मी या इमारतीत पाऊल ठेवू देणार नाही, असं ते म्हणाले नाहीत. मोठी माणसं असं म्हणत नाहीत. ते म्हणाले की तूर्त ते प्रशासकीयदृष्ट्या सोयीचं नाही. आणि पुढे समजावणीच्या सुरात म्हणाले, की बाई, खुर्ची भरणं तुमचं काम. खुर्चीत बसून काय करायचं ते बसणारा बघेल.

काकू बाहेर आल्या. जिन्यात त्यांनी त्याच सुरात ‘प्रशासकीयदृष्ट्या’ असं तीनदा म्हणून बघितलं आणि शिपायाला हसू आलं. त्यांना आलं नाही.

मग रफूवालीच्या खटल्याची पुढची तारीख आली. त्या सकाळी काकू वेळेवर आल्या, पर्स खुंटीला लावली, पाण्याचा पेला भरून झाकला, आणि फोनसमोर हाताची घडी घालून बसल्या. फोन उचललाच नाही. शिपायाने येऊन विचारलं, काकू, तीन नंबरला आज कोण? काकू म्हणाल्या, कोणी नाही. त्याला वाटलं थट्टा आहे. तो दारापर्यंत गेला, वळून बघितलं, आणि धावतच सुटला.

बघता बघता गिल्ला झाला. तीन नंबरबाहेर माणसांची दाटी, आत दिवे लागलेले, पंखे फिरतायत, आणि वर खुर्चीत नुसती उशी. या इमारतीत असं कुणी पाहिलंच नव्हतं. दुसऱ्या कोर्टांतली माणसं मुद्दाम येऊन दारातून डोकावून जात होती. गुळगुळीत वकील तर इतका अस्वस्थ झाला, की माझ्या ओळखीत एक निवृत्त साहेब आहेत, मी फोन करू का, असं काकूंच्या खोलीत येऊन विचारून गेला. काकू म्हणाल्या, तुमचा कळवळा बघून डोळे भरून आले, आता बाहेर बसा.

मोठ्या साहेबांनी बोलावणं पाठवलं. काकू गेल्या आणि बसा म्हटलं तरी उभ्याच राहिल्या.

“आजारी आहात का?” साहेबांनी विचारलं.

“ठणठणीत आहे.”

“मग तीन नंबरची खुर्ची रिकामी कशी?”

“मी रिकामी ठेवलीय म्हणून.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. बाहेरच्या खोलीतल्या टंकलेखक बाईचं यंत्र एकदम थांबलं. ती नंतर सगळीकडे सांगत होती की कागद अडकला होता.

“ती बाई पाचदा सगळं सांगून गेलीय,” काकू म्हणाल्या. “पाचही जण मी आणले. मीच त्या वकिलाच्या हातात पाच जबान्यांचे कागद ठेवले, फिरवायला. आज सहावा मी आणणार नाही. शेवटपर्यंत बसणारा द्या, आत्ता फोन लावते. नाही तर ती उशीच बसू द्या. ती निदान पहिल्यापासून सांगा म्हणत नाही.”

हा उद्धटपणा आहे असं मोठे साहेब म्हणाले. हो, असं काकू म्हणाल्या. परिणाम काय होईल माहीत आहे का, असं त्यांनी विचारलं. माहीत नाही, पण झाले की कळेलच, असं काकूंनी सांगितलं.

साहेबांनी स्वतः फोन उचलला. खोटं कशाला सांगा, त्यांना जज मिळालाही, आणि काकूंना लागला असता त्यापेक्षा कमी वेळात; मोठ्या साहेबाला कोण नाही म्हणतं? दुसऱ्या एका गावच्या कोर्टातले एक तरुण जज दुपारच्या आत हजर झाले. मोठ्या साहेबांनी त्यांना स्वतः लिफ्टपर्यंत पोचवलं आणि काकूंकडे असं पाहिलं, की बघा, तुमच्यावाचून अडतं का.

अडत नव्हतंच. पण तीन नंबरच्या मागे जजांची एक छोटी खोली आहे. तिथे गाऊन घालून मग कोर्टात जायचं असतं. तरुण साहेब गाऊनमध्ये दुसरा हात घालत होते तेवढ्यात काकू आत आल्या आणि दार लावून दाराला पाठ टेकवून उभ्या राहिल्या. जजला दारात अडवणं हा गुन्हा आहे की नुसता बेशिस्तपणा, हे त्यांना नक्की ठाऊक नव्हतं. त्यांनी ते शोधायला वेळ घालवला नाही.

“साहेब, एकच विचारते. शेवटपर्यंत बसणार का?”

तरुण साहेब गोंधळले. एक बाही घातलेली, एक लोंबती. माझं स्वतःचं कोर्ट आहे तिकडे, ते म्हणाले, मला फक्त आजच्या दिवसापुरतं सांगितलंय.

“मग सुरू करू नका.”

“बाई, तुम्ही मला हुकूम देताय?”

“विचारतेय. तुमच्यापुढे तिचं सहावं सांगणं होईल. सातवं कुणापुढे होईल, ते तुम्हाला माहीत नाही. मलाही नाही, आणि आणणारी मीच आहे.”

एवढं बोलून त्या दारातून बाजूला झाल्या. तरुण साहेब दुसरी बाही घालून आत गेले. बाहेर आल्यावर काकू क्षणभर पायरीवर टेकल्या असं शिपाई सांगतो. काकू म्हणतात, नवीन चपला होत्या.

पुकारा झाला. रफूवाली पिंजऱ्यात जाऊन उभी राहिली. गुळगुळीत वकील उठला, आणि न्यायासन बदललेलं असल्यामुळे साक्ष नव्याने व्हावी अशी नम्र विनंती त्याने केली. नम्रतेत त्याचा हात कुणी धरणार नाही. साहेबांनी रफूवालीकडे बघून सुरू करा म्हणून मान हलवली. तिने तोंड उघडलंच नाही. साहेबांनी पुन्हा सांगितलं. तेव्हा ती म्हणाली:

“सांगते. पण साहेब, उद्या तुम्ही असाल का?”

वकील ताडकन उठला. साक्षीदार न्यायाधीशांना प्रश्न विचारते हे कुठल्या कायद्यात बसतं, असं म्हणायला लागला. काकूंनी तिला शिकवलंय असं पुढे पुष्कळांनी पुष्कळ दिवस म्हटलं. काकूंनी तिला काही शिकवलं नव्हतं. बाकावरच्या त्या दिवसापासून दोघी बोलल्याच नव्हत्या.

तरुण साहेबांच्या मानेपासून कानापर्यंत लाली चढत गेली. ती रागाची असती तर सगळंच मुसळ केरात. त्यांनी क्षणभर दाराकडे पाहिलं, तिथे काकू उभ्या होत्या. मग समोरच्या बाईकडे पाहिलं.

“नसेन,” ते म्हणाले.

आणि लघुलेखकाला त्यांनी सांगायला सुरुवात केली. साक्षीदार साक्ष द्यायला तयार आहे. ज्याला ती पूर्ण ऐकता येणार नाही त्याने ती सुरू करू नये. हा खटला शेवटपर्यंत बसू शकेल अशा एकाच न्यायाधीशापुढे ठेवावा. तोपर्यंत हे न्यायालय ती साक्ष घेणार नाही. सही करून ते उठले आणि मागच्या दाराने गेले. त्यांचं पुढे काय झालं त्याच्या चौकशा काकूंनी पुष्कळ केल्या. सुखरूप आहेत, फक्त या इमारतीत त्यांना पुन्हा कुणी बोलावलं नाही.

कोर्टात एकदा लिहिलं गेलं ते मोठ्या साहेबांनाही चुकवता येत नाही. तो हुकूम वाचल्यावर गुडघेवाले, पंखेवाले, रुसवेवाले, सगळ्यांनी आपापल्या अडचणी सांगितल्या. उरल्या करवतीबाई. मोठ्या साहेबांनी त्यांच्या नेमणुकीवर सही केली, आणि त्याच बैठकीत, त्याच पेनाने, काकूंना तळमजल्यावरच्या अभिलेख खोलीत पाठवण्याच्या कागदावरही. अभिलेख खोली म्हणजे निकाली निघालेल्या खटल्यांची अडगळ. तिथे धुळीने शिंका येतात आणि फोन येत नाही.

काकूंनी जिन्यात सगळ्यांना सांगितलं की आपण स्वतःच मागून घेतली, फोनचा कंटाळा आला होता. कुणी विश्वास ठेवला नाही. त्यांनीही फार आग्रह धरला नाही.

करवतीबाईंच्या पहिल्या दिवशी काकू रजा टाकून तीन नंबरच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. करवतीबाई आल्या, बसल्या, उशी काढून बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, सांगा. रफूवालीने सांगितलं. गुळगुळीत वकील डब्यावर आला तेव्हा बाईंनी एवढंच विचारलं, की डब्याने लिफ्ट चालू केली असं तुमचं म्हणणं आहे का. नसेल तर पुढे चला. मग वकिलाला एकाएकी दुसऱ्या कोर्टात काम निघालं आणि त्याने पुढची तारीख मागितली.

“जाऊन या,” करवतीबाई म्हणाल्या. “मी इथेच आहे. साक्षीदारही इथेच आहे. तुमचं आटपलं की पुढे सुरू करू. उद्या आटपलं तर उद्या. मला घरी काही काम नाही.”

वकिलाचं दुसऱ्या कोर्टातलं काम तिथल्या तिथे आटपलं. सगळं विचारून झालं, उलटंसुलटं विचारून झालं, आणि करवतीबाईंनी रफूवालीला विचारलं, आणखी काही सांगायचं राहिलंय का. नाही, ती म्हणाली, झालं. पिंजऱ्यातून उतरताना तिने कठडा धरला. जाताना ती काकूंच्या बाकापाशी थांबली. आभार वगैरे काही मानले नाहीत. गाऊन आणलात का, असं तिने विचारलं. काकू म्हणाल्या, आता माझ्याकडे गाऊन नसतो, मी तळमजल्यावर असते. बरं, ती म्हणाली, आणि गेली.

मुकादम दोषी ठरला. त्याने अपील केलंय, करणारच. वरच्या कोर्टात खुर्च्या कोण भरतं ते काकू जाऊन विचारून आल्यात.

आता पर्यायी व्यवस्थेच्या खोलीत एक नवा टायवाला बसतो. त्याच्या खुर्च्याही बहुतेक भरतात. फक्त सुरुवातीला काकू दुपारच्या चहाला म्हणून वर यायच्या आणि दिसेल त्या बदली जजला तोच एक प्रश्न विचारायच्या. टायवाल्याने तक्रार केली. अभिलेख खोलीतल्या कर्मचाऱ्याने न्यायाधीशांशी बोलू नये, असा मोठ्या साहेबांचा लेखी आदेश आला. शिवाय टायवाला हुशारी करून बदली जजांना पुढच्या दाराऐवजी मागच्या जिन्याने न्यायला लागला. त्या जिन्याची पहिली पायरी अभिलेख खोलीच्या दारात आहे, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. नवीन आहे, शिकेल.

आदेश काकू तंतोतंत पाळतात. जजांशी चकार शब्द बोलत नाहीत. बदली जज जिन्याकडे येताना दिसला की त्या शिपायाला हाक मारतात आणि त्याच्याशी बोलतात, जरा मोठ्याने. शिपायाला हल्ली कमी ऐकू येतं, असं त्यांचं म्हणणं.

परवा गुडघेवाले साहेब आले, एका नव्या खटल्यासाठी. काकूंनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“काय रे,” त्या शिपायाला म्हणाल्या, “हे साहेब शेवटपर्यंत बसणार का?”

साहेब पहिल्या पायरीवर थबकले. वर टायवाला घाई करत होता. साहेबांनी डावा गुडघा चोळला, उजवा चोळला, आणि शिपायालाच सांगितलं, साक्षीदार किती आहेत म्हणून विचार जरा यांना. काकूंनी भिंतीकडे बघत सांगितलं, चार आहेत, आणि त्यातली एक आजीबाई लांबून येते. साहेबांनी टायवाल्याला हात करून थांबवलं आणि खिशातून फोन काढला, घरी कळवायला.

“सांग त्यांना,” नंबर लावता लावता ते शिपायाला म्हणाले, “बसतो म्हणावं.”